भिंतीतली तोटी

तानाबाईच्या घरात पाणी यायच्या कितीतरी आधी तोटी आली होती.

गाव वडनेर भोलजीच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत. खारपाण पट्टा. बोअर मारली की पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. गोड पाणी हवं तर डोक्यावर गुंड, गुंडावर कळशी, आणि नदीकडच्या विहिरीची वाट. असल्या गावात, जमिनीत नळाचा वीतभर तुकडा नसताना, तानाबाईच्या नवऱ्यानं, शंकररावांनी, दाराशेजारच्या मातीच्या भिंतीत एक जाडजूड पितळी तोटी बसवली. तिच्या मागं पाइप नाही, टाकी नाही. नुसती तोटी.

"काऊन व ताना," बायका विचारायच्या, "पानी सुटलं का तुह्या घरी?"

"हाव. घेऊन जा गुंडभर. कोरडंच हाय, रस्त्यानं सांडनार नाही."

बाहेर ती असं हसण्यावारी न्यायची, आणि घरात आली की नवऱ्याला धरायची. "लोक आधी पानी आनतात, मंग तोटी. तुमचं सगळंच उलटं."

"जागा धरून ठेवली," शंकरराव म्हणायचे. "यष्टीत रुमाल टाकत नाही का, तसं."

शंकरराव मलकापूरला एका जिनिंगमध्ये हमाली करायचे. दिवसभर कापसाच्या गाठी उचलायच्या. संध्याकाळी केसांत, भुवयांत, कानांत पांढरी रुई. जिनिंगच्या आवारात एक तोटी होती. सुटी झाली की सगळे हमाल तिच्याखाली हात-पाय धुवायचे. "मनगटाएवढी धार पडते," ते घरी सांगायचे. "खाली डोकं धरलं की दिवसभराचं सगळं उतरते. मानूस हलका होते." पुढं जिनिंग बंद पडली, यंत्रं उचलली गेली. मालक भला माणूस. जाताना हमालांना म्हणाला, तुम्हाला काय पाहिजे ते घेऊन जा. कुणी ताडपत्री घेतली, कुणी लाकडाच्या फळ्या. शंकररावांनी तोटी मागितली.

ती तोटी भिंतीत बसली आणि त्यांच्या लेकीला, सुवर्णाला, खेळ मिळाला. बाप कामावरून आला की ती धावत जाऊन तोटी फिरवायची आणि तोंडानं आवाज काढायची, "सुर्रर्र!" शंकरराव खाली ओंजळ धरायचे, नसलेलं पाणी प्यायचे, मिशी पुसायचे आणि म्हणायचे, "वा! लय गोड हाय व माय." मग लेक म्हणायची, "आता आईचा नंबर." तानाबाई चुलीपुढून हलायची नाही. "मले नाही तहान. तुम्ही प्या तुमची हवा."

हे तिला आता आठवतं. ओंजळ धरायला काय जात होतं?

मातीचं घर जाऊन घरकुल झालं, तेव्हा शंकररावांनी गवंड्याला सांगून तोटी त्याच जागी, नव्या विटांच्या भिंतीत बसवून घेतली. गवंडी म्हणाला, "अण्णा, पाइप कुठंय?" ते म्हणाले, "येईन. तू भोक तर ठिव." आणि एका उन्हाळ्याच्या शेवटी, साध्या तापाचं निमित्त होऊन, शंकरराव गेले. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावात नळयोजना आली. रस्ते खणले गेले, निळे पाइप पडले, घरोघरी पाणी.

यष्टी आली. रुमाल टाकलेला होता. बसणारा नव्हता.

तानाबाई मात्र त्या दिवशी रडली नाही. तिनं भिंतीतली तोटी चिंचेनं घासली, राखेनं उजळली. सोन्यासारखी दिसायला लागली. शंकररावांचा स्मृतिदिन जवळ आला होता. त्या दिवशी विहारातून मंडळी घरी येतात, वंदना होते, मग वरण-बट्टीचं जेवण. तिनं मनाशी बोलून ठेवलं होतं की यंदा आलेल्या माणसाला पहिलं पाणी ह्यांच्या तोटीचं द्यायचं. नवस नव्हे, तिच्याकडं नवस नव्हते. पण बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावताना ती हे बोलली होती, आणि तिथं बोललेलं ती मोडत नसे.

पण नळाची माणसं आली ती स्वतःची तोटी घेऊन. अंगणात, भिंतीपासून हातभर अंतरावर, सिमेंटच्या ठोकळ्यात त्यांनी एक प्लास्टिकची तोटी उभी केली. आत एक चकती, चकतीला बारीक भोक. पाणी सुटलं की विणायच्या सुईसारखी धार. गुंड भरायला लावला तर भाजी चिरून, फोडणी देऊन, वर अंगण झाडून व्हावं. आणि गुंडात आवाज नाही. विहिरीवरची बाई गुंडाच्या आवाजावरून सांगते किती भरला ते. ह्या धारेला काही आवाजच नव्हता.

नळाचं काम देवानंद पाहायचा. त्यांच्याच वाड्यातला, शंकररावांच्या चुलतभावाचा मुलगा. तानाबाईनं त्याला अंगणात बसवलं, चहा दिला आणि मग तोंड उघडलं.

"देवानंद, हे तुमचं बुजगावणं काढ आन् पाइप ह्या भिंतीतल्या तोटीले जोड."

"काकू, ते जमत नाही."

"काऊन? पितळ हाय. तुह्या त्या डबड्यापेक्षा दहा उन्हाळे जास्त चालन."

"पितळाचं नाही काकू, धारेचं. वरून नियम हाय. घरटी येवढंच पानी, येवढ्याच भोकातून. मोठी तोटी लावली, चकती काढली, तर कनेक्शन बंद."

"पानी सरकारचं, मान्य. घर माह्यं, भिंत माह्यी, गुंड माह्या माहेरचा. धार किती जाड पाह्यजे ते बी सरकारच सांगनार? उद्या म्हनसान, काकू, भाकर येवढीच थापा."

देवानंद हसला. "तुम्ही भाकर जाड थापली तर शेजारी उपाशी राहत नाही काकू. इथं राहते. वरच्या गल्लीनं खुली सोडली तर खाली थेंब येत नाही."

"मी कुठं रानभर पानी सोडून राह्यली? गुंड भरला का बंद. जाड धारेनं लवकर भरन, बारीक धारेनं उशिरा. गुंड तर येवढाच ना?"

देवानंदनं बशी खाली ठेवली, "काका असते तर मी पन लावून देल्ली असती," असं काहीतरी बोलला आणि गेला. ते काका असते तर, हे तिला फार लागलं.

सुवर्णा पुण्याला असते, नवऱ्याच्या नोकरीमुळं. फोनवर तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आमच्या सोसायटीत पण सगळ्या नळांना जाळ्या लावल्या. बदलायला दुकानात जावं तर तिथं पण हल्ली तसलेच. पाण्याबरोबर निम्मी हवा येते. हात भिजतात गं, पण भिजल्यासारखं वाटत नाही." मग तिनंच विचारलं, "बाबांची तोटी आहे ना अजून?" तानाबाई म्हणाली, "हाय तर. जाईन कुठं?"

मग तिच्या कानावर एक गोष्ट आली. वरच्या गल्लीत सगळ्यांनीच चकत्या काढल्या होत्या. चकती देवळीत, हळदीकुंकवाच्या डबीशेजारी ठेवायची. तपासणीवाले येणार अशी कुणकुण लागली की परत बसवायची. पाहुणे आले की चांगली चादर घालतात तसं. गोजरबाई पाटलीण तर तिला म्हणाली, "तूच तेवढी खुळी राह्यली व. नियम पाळून कोनाचं भलं झालं?"

तानाबाईनं दोन दिवस विचार केला. पंचशील ती रोज म्हणते. त्यात न दिलेलं घेऊ नये असं आहे. पण हे घेणं कसलं? पाणी आपल्याच दारात आलेलं. तेवढंच घ्यायचं, फक्त आपल्या माणसाच्या तोटीतून. तिसऱ्या दिवशी तिनं अकीलला बोलावलं.

अकील पाइप जोडायची कामं करायचा. तिच्या मैत्रिणीचा, बिस्मिल्लाबीचा मुलगा. बिस्मिल्लाबी आणि तानाबाई उभा जन्म बरोबर कापूस वेचायला गेलेल्या. एकीच्या पाटीतली भाकर दुसरीनं खाल्लेली. बिस्मिल्लाबीचं घर तानाबाईच्या घराच्या खालच्या अंगाला. त्यापुढं नळाचा पाइप संपतो आणि बाभळी लागतात.

अकीलनं तोटी हातानं चाचपली, पाइपाकडं पाहिलं, खाली आपल्या घराकडंही एकदा पाहिलं.

"मावशी, हे नियमात बसत नाही."

"तू तोटी बसव. नियमाले मी बसवते."

"तसं नाही मावशी..."

"मंग कसं? तुह्या काकाची हाय ना ती? लहानपनी तू बी सुवर्णासंगं तिच्याखाली वाटी धरून बसे. इसरला?"

अकील आणखी काही बोलणार होता. पण ज्या मावशीनं आपल्याला कडेवर वागवलं तिला नाही कसं म्हणायचं? त्यानं मान खाली घातली आणि काम केलं. भिंतीमागून पाइप घेतला, शंकररावांनी ठेवलेल्या भोकातून ओवला, तोटीला जोडला. मजुरी विचारली तर हात जोडून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं. तानाबाईनं माहेरचा गुंड खाली ठेवला, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि तोटी फिरवली. आधी फुसफुस झाली, गढूळ थेंब पडले, आणि मग धार आली. मनगटाएवढी. गुंडाच्या बुडावर आपटून असा घुमारा उठला की ओसरीतली मांजर पळाली. गुंड भरत गेला तसा आवाज चढत गेला, घुम्म, घम्म, आणि काठाशी आल्यावर एकदम बारीक. तानाबाईनं डोळे मिटले. जिनिंगच्या आवारात ती कधी गेली नव्हती, पण आता तिला ते दिसलं. रुईनं पांढरा झालेला एक माणूस धारेखाली डोकं धरून उभा आहे, पाठीवरून पाणी जातं आहे, आणि तो हलका होतो आहे.

गुंड भरला की बंद करायची, असं ती देवानंदला म्हणाली होती. तिनं बंद केली नाही. बादली लावली, घागर लावली, मग पाय धुतले, ओटा धुतला, दारातल्या लिंबाच्या आळ्यात सोडलं. कानाचं पोट भरत नव्हतं.

आणखी काही दिवस असेच गेले. रोज सकाळी ती तोटी, तो आवाज. तिला वाटायचं घरात कुणीतरी उठलेलं आहे.

एका शुक्रवारी सकाळी पाणी चालू असताना अंगणाच्या तोंडाशी सावली पडली. बिस्मिल्लाबी. काखेत कळशी. एरवी ती सरळ चुलीपर्यंत यायची. आज उंबऱ्याच्या बाहेर, दगडाजवळ थांबली.

"ताना, कळशीभर पानी दे व. जुम्मा हाय. नमाजाआधीच्या वजूला बी पानी नाही घरात."

"तुह्या नळाले नाही आलं?"

"चार रोज झाले. आधी बारीक का व्हईना, येत व्हतं. अकील म्हन्ते, पाइप खराब झाला आसन."

"आन् तू आता सांगून राह्यली? आत ये ना. बाहेर काऊन उभी?"

"पाय मातीचे हायत व. तू ओटा धुतला ना आताच. तू आपली वरूनच वत."

तानाबाईनं भरलेली घागर उचलली. बिस्मिल्लाबीनं खाली वाकून कळशी पुढं धरली. तानाबाई पाणी ओतायला लागली, आणि ओतता ओतता तिचा हात तसाच वर राहिला.

तिच्या माहेरच्या विहिरीवर तिची आई अशीच उभी राहायची. पायरीच्या खाली, दगडाजवळ. विहिरीला हात लावायचा नाही. वरच्या आळीतली कुणी येईल, तिच्या मनात आलं तर वरून ओतेल. आईचं मडकं पुढं, मान वर. छोटी ताना आईचं लुगडं धरून उभी असायची आणि त्या ओतणाऱ्या हाताकडं पाहायची. तो हात किती वेळ ओतेल ते हाताच्या मनावर. आपलं काही नाही.

आज तो हात तिचा होता.

"काय झालं व?" बिस्मिल्लाबीनं मान वर केली. "सांडून राह्यलं."

"काही नाही." तानाबाईनं घागर खाली टेकवली आणि जाऊन तोटी बंद केली. "अकीलनं सांगतलं नाही तुले, माह्या घरी काय काम केलं ते?"

बिस्मिल्लाबी कळशीचा काठ पदरानं पुसायला लागली. "सांगतलं. जोडून आला त्याच दिशी." मग जरा वेळानं म्हणाली, "शंकरभाऊची तोटी हाय. मी काय बोलू? तुह्यं तोंड पाह्यलं मी, चार दिवसापासून. किती वर्सानं असं व्हतं."

वरच्या गल्लीनं अर्धं पाणी ओढलं होतं हे खरं. पण उरलेलं बिस्मिल्लाबीच्या दारापर्यंत पोचत होतं, सुईएवढं का होईना. ते तानाबाईच्या मनगटाएवढ्या धारेनं गिळलं होतं. तिनं बिस्मिल्लाबीच्या हातातली कळशी ओढून घेतली, स्वतः भरली, आणि स्वतःच्या कमरेवर घेऊन तिच्या घरापर्यंत नेऊन ठेवली. बिस्मिल्लाबी मागून म्हणत होती, "म्हातारपनी मस्ती आली व तुले, कंबर मोडशीन."

त्याच दिवशी नमाजानंतर, तानाबाईनं बोलावल्यावरून, अकील आला आणि पाइप तोडून पुन्हा प्लास्टिकच्या तोटीला जोडला. चकतीही बसवली. देवानंदला कुठून कळलं कोण जाणे, संध्याकाळी तो आला आणि खाकरून म्हणाला, "काकू, मले माहीत व्हतं. बोलवत नव्हतं."

"माह्यापुढं बोलवत नव्हतं ते ठीक. गोजरबाईपुढं काऊन वाचा बसते तुही? तिच्या देवळीत पाह्य जाऊन, तुह्या चकत्यांचं देवघर झालं हाय." 

देवानंद खरंच गेला. काही घरांनी चकत्या लावल्या, काहींनी तोंडावर हो म्हटलं आणि लावल्या नाहीत. पण बिस्मिल्लाबीच्या नळाला सुईएवढी धार पुन्हा आली.

राहिली भिंतीतली तोटी. पुन्हा कोरडी. तानाबाई तिच्याकडं पाहायची नाही. जाता-येता पदर त्या बाजूनं घ्यायची. स्मृतिदिन तोंडावर आला होता आणि फोटोपुढं बोललेलं तसंच अधांतरी होतं. शेवटी मार्ग काढला तो अकीलनं. न बोलावता आला, डोक्यावर एक निळा ड्रम घेऊन.

"मावशी, नियम नळाच्या धारेले हाय. ड्रमाच्या धारेले नियम नाही." भिंतीच्या आतल्या बाजूला त्यानं विटांचा उंच ओटा रचला, त्यावर ड्रम ठेवला, ड्रमाच्या बुडाशी पाइप लावून शंकररावांच्या तोटीला दिला. "तुह्या वाट्याची बारीक धार यात साठव. थोडी थोडी. मंग सोड कशीबी."

"आधी काऊन नाही सुचलं रे तुले?"

"आधी तू बोलू कुठं देल्लं?"

मग तानाबाई वाट्याच्या पाण्यातून रोज थोडं बाजूला काढू लागली. भांडी राखेनं घासून एकाच पाण्यात विसळायची, कपडे एक दिवसाआड धुवायची, आणि वाचलेली कळशी ओट्यावर चढून ड्रमात ओतायची. पायलीनं दाणे साठवावेत तसं तिनं पाणी साठवलं.

स्मृतिदिनाला सुवर्णा पुण्याहून आली. विहारातली मंडळी आली, देवानंद आला, बिस्मिल्लाबी ठेवणीतली ओढणी घेऊन आली. अंगणात वंदना झाली. त्रिशरण म्हणताना सुवर्णानं आईच्या आवाजात आपला आवाज मिसळला. मग सगळे भिंतीपाशी गोळा झाले.

तोटी तानाबाईनं फिरवली. जाड धार आली, तोच घुमारा, आणि अंगणातली माणसं "वा, वा" म्हणाली. तिनं बिस्मिल्लाबीला हात धरून पुढं ओढलं. "तू आधी." बिस्मिल्लाबीनं ओंजळ धरली, पाणी प्यायली, उरलेलं तोंडावर फिरवलं. मग एकेक जण पुढं आला. ड्रम उतरत गेला तशी धार बारीक होत गेली. मनगटाची बोटाएवढी झाली, बोटाची सुईएवढी. शेवटच्या माणसाची ओंजळ भरली आणि तोटीतून फुस्स करून हवा आली.

"संपलं," देवानंद म्हणाला.

"संपनारच," तानाबाई म्हणाली. "चला, बट्ट्या निवून राह्यल्या."

जेवणं उरकली, माणसं पांगली. उन्हं कलली. तानाबाई भांडी गोळा करत होती. सगळ्यांना पाणी देता देता तिचं स्वतःचं प्यायचं राहून गेलं होतं, ते आता तिच्या ध्यानात आलं. सुवर्णा भिंतीला टेकून उभी होती, तोटीवर बोट फिरवत. चाळिशीला आलेली बाई; बापासारख्याच जाड भुवया. तिनं सहज तोटी उघडली. काही आलं नाही. तिनं आईकडं पाहिलं आणि तोंडानं आवाज काढला.

"सुर्रर्र!"

तानाबाई हातातली परात ठेवून उठली. पदराला हात पुसले, भिंतीपाशी गेली आणि तोटीखाली ओंजळ धरली. बराच वेळ धरली. मग ओंजळ तोंडाशी नेली.

"गोड आहे?" सुवर्णानं विचारलं.

तानाबाईनं मान डोलावली. अंगणात, संध्याकाळच्या पाण्याला, सरकारी तोटीखाली कळशी लावलेली होती, आणि तिच्यात सुईएवढी धार, आवाज न करता, उद्याचं पाणी भरत होती.